नगरपरिषदेच्या जुन्या सभागृहाची दुरुस्ती : पाडकामाचे प्रस्ताव समोर असताना नागरिकांनी कोणत्या क्रमाने काम करावे

तालुक्याचे ठिकाण असलेल्या बहुतेक गावांत नगरपरिषदेचे एक जुने सभागृह असते. कोणी त्याला टाऊन हॉल म्हणते, कोणी समाजमंदिर, तर कोणी नुसतेच 'हॉल'. दगडी किंवा विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि सिमेंटचे पत्रे, खाली शहाबादी फरशी, एका टोकाला व्यासपीठ आणि मागे कायम कुलूप असलेली एक खोली, असे त्याचे साधारण रूप असते. गाव वाढते, सभागृह बाजारपेठेच्या मधोमध येते, जागेला भाव येतो आणि नेमक्या त्याच सुमारास पत्रे गळू लागतात. मग एकाच जागेसाठी तीन-चार प्रस्ताव पुढे येतात. इमारत पाडून खाली गाळे आणि वर छोटे सभागृह असलेले व्यापारी संकुल बांधावे, असे एकाचे म्हणणे असते. दुसऱ्याला तेथे बहुमजली वाहनतळ हवे असते, तर तिसऱ्याच्या मते गावाबाहेर सुसज्ज नाट्यगृह उभारून ही जागा मोकळी करावी. चौथी मागणी दुरुस्तीची असते. मात्र पहिल्या तिन्हींना नकाशा, अंदाजपत्रक आणि कोणीतरी पाठपुरावा करणारा असतो. दुरुस्तीच्या बाजूला बहुधा सह्यांचे एक निवेदन असते. सभेत प्रस्तावाची तुलना प्रस्तावाशी होते, निवेदनाशी होत नाही, आणि म्हणून दुरुस्ती मागे पडते.

हा लेख अशा कामात पहिल्यांदाच पडणाऱ्या नागरिकांसाठी आहे. आमच्या गावात या कामात काही वर्षे घालवल्यानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे की, दुरुस्तीची मागणी करणाऱ्यांनी विरोधाची सभा घेण्याच्या आधी दुरुस्तीचा पूर्ण प्रस्ताव तयार करावा. तो कसा तयार करायचा, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी जागेचे कागद

सभागृह 'नगरपरिषदेचे' आहे, हे सगळ्यांना माहीत असते. पण कागदावर ते कोणाचे आहे, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या जागेचे मालमत्ता पत्रक काढावे. जागा सिटी सर्व्हेच्या हद्दीत नसेल, तर सात-बारा उतारा आणि संबंधित फेरफार काढावेत. नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत या इमारतीची नोंद काय आहे, तेही पाहावे. अनेक गावांत अशी जागा कोणा दानशूर कुटुंबाने सार्वजनिक उपयोगासाठी दिलेली असते आणि बक्षीसपत्रात त्या उपयोगाची अट लिहिलेली असते. कोठे जागा शासनाने विशिष्ट प्रयोजनासाठी दिलेली असते. तसे असेल तर प्रयोजन बदलताना शर्तभंगाचा प्रश्न उभा राहतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर परवानगी लागते. असा एक जुना कागद सापडला, तर पुढच्या निम्म्या चर्चेचे स्वरूपच बदलते.

सभागृह एखाद्या सार्वजनिक न्यासाचे (ट्रस्टचे) असेल, तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची असेल किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नगरपरिषदेच्या मालमत्तेला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो, आणि मालमत्तेच्या हस्तांतरणावर त्यातील कलम ९२ ची बंधने आहेत. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर एखाद्या विकासकाला जागा दीर्घ मुदतीने देण्याचा प्रस्ताव असेल, तर हे कलम शब्दशः वाचून ठेवावे.

त्यानंतर विकास आराखडा पाहावा. नगररचना विभागाकडून त्या जागेचा भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे आराखड्यात तेथे कोणता वापर ठरवला आहे याचा दाखला, मिळतो. जागेवर 'टाऊन हॉल', 'सांस्कृतिक केंद्र' किंवा 'सार्वजनिक-निमसार्वजनिक' असा वापर दाखवला असेल आणि तो बदलायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यापर्यंत हरकती व सूचना मागवल्या जातात. वापर न बदलता काही भाग व्यापारी करता येईल, असे प्रस्तावात म्हटले असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील कोणत्या तरतुदीनुसार, हे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर थांबू नये.

यातील जे कागद सहज मिळत नाहीत, ते माहितीच्या अधिकारात मागावेत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. म्हणून 'सभागृहाबाबतची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करू नये. मालमत्ता नोंदवहीतील नोंदीसाठी एक, गेल्या पाच वर्षांच्या भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरा आणि देखभालीवर झालेल्या खर्चासाठी तिसरा, असे वेगवेगळे अर्ज करावेत. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. म्हणजे या एका टप्प्याला दोन-अडीच महिने लागू शकतात, हे धरूनच पुढचे वेळापत्रक आखावे.

सभागृह कोण वापरते, हे आकड्यांत मांडावे

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळला जातो. सभागृह पडून आहे, वापरात नाही, उत्पन्न देत नाही, हा पाडकामाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद असतो. त्याचे उत्तर आरक्षणाच्या वहीत, म्हणजे सभागृहाच्या बुकिंगच्या नोंदवहीत, असते.

आमच्या सभागृहाची वही लांबट, लाल कापडी पाठीची होती आणि कोपरे वाळवीने खाल्लेले होते. शिपाईमामांनी ती कपाटातून काढून दिली, तेव्हा आम्ही तिघे जण नगरपरिषदेच्या व्हरांड्यात बसून सलग तीन दुपारी ती उतरवून घेत होतो. लग्ने आणि साखरपुडे तर होतेच. पण त्याखेरीज दर महिन्याच्या ठरावीक दिवशी अंगणवाडी सेविकांची बैठक, बचत गटांचे प्रशिक्षण, पल्स पोलिओचे बूथ, रक्तदान शिबिरे, भजनी मंडळाची स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, निवडणुकीच्या कामाचे प्रशिक्षण आणि एका पावसाळ्यात नदीकाठच्या कुटुंबांचा चार दिवसांचा निवारा, अशा नोंदी निघाल्या. यातील पुष्कळ नोंदींपुढे भाड्याच्या रकान्यात 'माफ' असे लिहिलेले होते. उत्पन्नाच्या तक्त्यात सभागृह रिकामे का दिसते, याचे कारण त्या एका शब्दात होते.

म्हणून वही उतरवताना पाच रकाने करावेत : तारीख, वापरणारी संस्था किंवा कुटुंब, प्रयोजन, अंदाजे उपस्थिती आणि आकारलेले अथवा माफ केलेले भाडे. खाजगी कुटुंबांची नावे प्रस्तावात छापू नयेत. 'कौटुंबिक समारंभ' एवढे पुरे. किमान तीन वर्षांची नोंद घ्यावी. सभागृह नादुरुस्त होऊन बंद पडले असेल, तर ते चालू असतानाची शेवटची तीन वर्षे घ्यावीत, आणि बंद पडल्यानंतर ते कार्यक्रम कोठे गेले, हेही शोधावे. कोणते बंद झाले, कोणते खाजगी मंगल कार्यालयात गेले आणि तेथे किती भाडे द्यावे लागते, ही माहिती संस्थांकडे प्रत्यक्ष जाऊन विचारावी. बचत गटाच्या एका अध्यक्षाताईंनी 'आता आमची बैठक देवळाच्या ओट्यावर होते आणि पाऊस आला की होत नाही' असे लिहून दिले, तर ते एक वाक्य नगरसेवकांपर्यंत लवकर पोचते.

याच टप्प्यावर गैरसोयींचीही नोंद प्रामाणिकपणे करावी. महिलांचे स्वच्छतागृह नाही, व्यासपीठावर चाकाची खुर्ची जात नाही, वाहने रस्त्यावर लागतात, आवाज घुमतो, ही कारणे खरी असतात आणि नव्या इमारतीची मागणी करणारे लोक त्याच गैरसोयींना कंटाळलेले असतात. त्यांना विरोधक मानू नये. त्यांच्या तक्रारी दुरुस्तीच्या आराखड्यात घेतल्या, तर त्यांतले निम्मे लोक आपल्या बाजूला येतात.

इमारत किती खंबीर आहे, हे तपासून घ्यावे

'इमारत धोकादायक आहे' हे वाक्य कोणीही उच्चारू शकतो. पण ते सिद्ध करावे लागते. १९६५ च्या अधिनियमातील कलम १९५ खाली नगरपरिषद धोकादायक बांधकामाबाबत कारवाई करू शकते, आणि एकदा तो शिक्का बसला की दुरुस्तीचा विषय जवळजवळ संपतो. म्हणून संरचनात्मक तपासणीची मागणी आपणच प्रथम आणि लेखी करावी. ही तपासणी नव्या संकुलाचा आराखडा करणाऱ्या सल्लागाराकडून होऊ नये, एवढी अट मात्र आग्रहाने मांडावी. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांचे स्थापत्य विभाग अशी कामे करतात, आणि त्यांच्या अहवालाला सभेत वजन असते.

अहवाल वाचायला शिकावे लागते. मुंबई परिसरातून रूढ झालेल्या वर्गीकरणात 'सी-१' म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत, 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी, 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. शेवटच्या पानावरचा हा वर्ग वाचून थांबू नये. तो कोणत्या चाचण्यांवर ठरवला, हे पाहावे. नुसत्या डोळ्यांच्या पाहणीवर 'सी-१' लिहिलेले असेल, तर चाचण्यांची मागणी करावी. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरीचा वेग मोजतात, आणि तो मानकात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आला, तर काँक्रीटची प्रत शंकास्पद मानतात. तुळई किंवा खांबातून दंडगोल नमुना काढून तो दाबून पाहणे, ही सर्वांत थेट चाचणी असते.

एक चाचणी सामान्य माणसालाही डोळ्यांनी समजते. नव्याने फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. आमच्या सभागृहाच्या मागच्या खांबावर ते फवारले, तेव्हा आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला आणि बाहेरचा अंगठ्याच्या रुंदीएवढा पट्टा राखाडीच राहिला. गुलाबी भाग म्हणजे काँक्रीटमधला अल्कधर्म शाबूत आहे आणि तो आतल्या सळईला गंजण्यापासून राखतो आहे. राखाडी पट्टा सळईपर्यंत पोचला की ते संरक्षण संपते, सळई गंजते, गंजाने फुगते आणि वरचे आवरण सुटून पडते. आमच्याकडे तो पट्टा सळईपर्यंत पोचायला थोडा अवकाश होता. उपस्थित नगरसेवकांनी ते स्वतः पाहिले, आणि त्या दिवसानंतर 'पाडायलाच हवे' ही भाषा बरीच कमी झाली. चाचणीच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलावण्याचा सल्ला मी यासाठीच देतो.

निकाल उलटा लागला, तर तोही मान्य करावा. सळया खरोखर गंजून निम्म्या झाल्या असतील आणि तज्ज्ञ इमारत असुरक्षित म्हणत असतील, तर माणसांच्या जिवापुढे वास्तूचा आग्रह धरू नये. अशा वेळी मागणी बदलावी : नव्या बांधकामात पूर्वीएवढ्याच क्षेत्रफळाचे, तळमजल्यावरचे, नगरपरिषदेच्याच ताब्यातले सभागृह हवे, आणि ते गाळ्यांच्या आधी पूर्ण व्हावे.

तपासणीबरोबरच इमारतीची मोजमापे घेऊन नकाशे काढून ठेवावेत आणि प्रत्येक भिंतीचे, कैचीचे, दारा-खिडकीचे छायाचित्र घ्यावे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले, आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा ते होते तसेच पुन्हा उभे करावे, अशी भावना सगळीकडून व्यक्त झाली. अशी वेळ कोणत्याही गावावर न येवो. पण 'होते तसे' म्हणजे नेमके कसे, हे सांगणारे कागद शांततेच्या काळातच तयार करावे लागतात.

इतर प्रस्ताव पूर्ण वाचावेत

व्यापारी संकुलाच्या प्रस्तावात बहुधा गाळ्यांच्या अनामतीचा एकरकमी आकडा ठळक असतो. त्यापुढे काही प्रश्न लिहून काढावेत. अनामत एकदाच मिळते की दरवर्षी काही मिळणार? मासिक भाडे किती आणि ते किती वर्षांनी वाढणार? गावात नगरपरिषदेचे आधीचे गाळे किती आणि त्यांतले रिकामे किंवा थकबाकीत असलेले किती? बांधकामाच्या काळात सभागृह किती महिने बंद राहणार आणि त्या काळात पर्यायी जागा कोणती? नवे सभागृह दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल, तर उद्वाहनाची देखभाल कोण करणार? एक हजार माणसे लग्नाला आली, तर वाहने कोठे लागणार? भाडे ठरवण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे राहणार की विकासकाकडे जाणार? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण 'माफ' हा शब्द वहीत लिहिण्याचा अधिकार त्याबरोबरच जातो.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले. ते पाडून तेथे मोठे संकुल उभारण्याचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला, तेव्हा रंगकर्मींतच दोन मते पडली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. दोन्ही बाजूंना नाट्यकलेची काळजी होती. तेव्हा आपल्या गावातही नव्या संकुलाची बाजू घेणाऱ्यांच्या हेतूंवर बोलू नये. त्यांच्या आकड्यांवर बोलावे. वाहनतळाची गरज खरी असेल, तर त्यासाठी नगरपरिषदेच्या मालकीच्या दुसऱ्या दोन जागा सुचवाव्यात. पर्यायी जागा दाखवल्याशिवाय विरोध टिकत नाही.

दुरुस्तीचा प्रस्ताव

आता आपला प्रस्ताव. तो तयार करताना कामे निकडीच्या क्रमाने लावावीत : आधी पाणी, मग संरचना, मग वीज आणि अग्निसुरक्षा, मग स्वच्छतागृहे आणि उतार, मग आवाज व प्रकाश, आणि रंग सर्वांत शेवटी. या क्रमात बदल करू नये. छत गळत असताना भिंत रंगवलेली सभागृहे मी पाहिली आहेत. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात आणि 'एवढा खर्च करून काय झाले' हा प्रश्न पुढच्या दहा वर्षांच्या निधीची वाट अडवतो.

छतावरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते तोडून, आपटून काढू नयेत, कारण त्यांचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. पत्रे पाण्याने भिजवून, अख्खे सोडवून उतरवावेत, आणि त्यांची विल्हेवाट नियमांनुसार लावण्याचे कलम अंदाजपत्रकात स्वतंत्र घालावे. दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतील, तर त्यांवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते आणि ओल जमिनीपासून वर चढत राहते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी राहिले असले, तरी शोधले की मिळतात, आणि या एका बाबीवर तडजोड करू नये, असे मला मनापासून वाटते.

उताराचे गणित सोपे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा; म्हणजे जोते ६० सेंटिमीटर उंच असेल, तर उताराची लांबी ७.२ मीटर लागते. पुढच्या पायऱ्यांशेजारी तेवढी जागा आहे का, हे नकाशावर आधी पाहावे, नाहीतर शेवटी दोन मीटरचा घसरगुंडीसारखा उतार बांधून मोकळे होतात. अग्निसुरक्षेसाठी बाहेर उघडणारी किमान दोन दारे, मोकळे मार्ग आणि नवे वायरिंग धरावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते, म्हणून तो खर्च देखभालीत लिहावा.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर आधारलेले असावे. तरच नगरपरिषदेचा अभियंता ते पुढे नेऊ शकतो. गावातील निवृत्त अभियंत्यांची यात मोठी मदत होते. जुलै २०२२ पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, हे विसरू नये. समजा मूळ कामे ४० लाख रुपयांची निघाली, तर करासह आकडा ४७ लाख २० हजार होतो. सल्लागाराचे शुल्क आणि आकस्मिक खर्च त्याहून वेगळा. कमी आकडा दाखवून मंजुरी मिळवण्याचा मोह टाळावा. काम अर्ध्यावर थांबले, तर छत उघडे पडलेली इमारत पाडण्याचा ठराव एका सभेत होतो.

खर्चाइतकेच महत्त्वाचे पान म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा जमाखर्च. आरक्षण वहीतील नोंदींवरून वर्षाकाठी व्यावसायिक भाड्याचे किती दिवस, सवलतीचे किती आणि माफीचे किती, हे मांडावे. त्यासमोर वीज, सफाई, पहारेकरी आणि किरकोळ दुरुस्ती लिहावी. तूट येत असेल तर ती लपवू नये. वाचनालय किंवा दवाखाना तोट्यात चालतो म्हणून नगरपरिषद तो पाडत नाही. पण तूट किती आणि ती कोठून भरणार, हे मात्र सांगावे लागते.

ठरावाची वेळ ओळखावी

नगरपरिषदेत निर्णय ठरावाने होतो. सर्वसाधारण सभेची कार्यसूची नगरसेवकांना आधी मिळते, म्हणून किमान दोन नगरसेवक असे असावेत की, ते प्रत्येक कार्यसूची आपल्याला दाखवतील. विशेषतः शेवटच्या ओळीकडे, म्हणजे 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' याकडे लक्ष ठेवावे. जागांचे मोठे निर्णय कधी कधी याच दाराने आत येतात. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मिळवावी, कारण सभेत काय बोलले गेले यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिले गेले, ते टिकते. एखादा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जासोबत ठरावाची प्रत आणि मुद्देसूद कारणे द्यावीत. नुसता संताप देऊ नये.

प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांकडे देताना पोच घ्यावी, आणि त्याच दिवशी नगराध्यक्ष व सर्व नगरसेवकांना दोन पानी सारांश द्यावा. चाळीस पाने कोणी वाचत नाही. नगरपरिषदेवर प्रशासक असेल, तर सगळे अधिकार एका हाती असतात. काम लवकर होऊ शकते, तसेच ते चर्चेशिवायही होऊ शकते, म्हणून अशा काळात पत्रव्यवहार अधिक नेमका ठेवावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी कामे थांबतात, हेही धरावे.

हरकतींची संधी आली, तर शंभर जणांनी एकाच छापील अर्जावर सही करण्यापेक्षा दहा संस्थांनी आपापल्या वापराची माहिती देऊन दहा वेगळ्या हरकती द्याव्यात आणि सुनावणीला प्रत्यक्ष जावे.

निधी

निधीचा फार विस्तार येथे करत नाही, कारण योजनांची नावे आणि निकष बदलत राहतात. नगरपरिषदेचा स्वनिधी, वित्त आयोगाचे अनुदान, जिल्हा वार्षिक योजना, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान आणि आमदार निधी, हे नेहमीचे मार्ग आहेत. प्रत्येक ठिकाणी प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता लागते, आणि ज्याचे अंदाजपत्रक तयार असते, त्याचे काम वर्षअखेरीस उरलेल्या निधीत बसते. स्वनिधीची तरतूद हवी असेल, तर अर्थसंकल्पाच्या सभेच्या, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या, दोन-तीन महिने आधी मागणी पोचायला हवी. लोकवर्गणी घ्यायची असेल, तर ती खुर्च्या, पडदे, ध्वनियंत्रणा अशा वस्तूंसाठी घ्यावी आणि पावती नगरपरिषदेची असावी.

काम सुरू झाल्यावर

छताचे काम फेब्रुवारी ते मे या काळातच व्हावे. यासाठी निविदा दिवाळीनंतर लगेच निघायला हवी. कार्यादेशाची आणि मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी, आणि कामाच्या जागी ठेकेदार, रक्कम व मुदत लिहिलेला फलक लागला आहे का, ते पाहावे. नागरिकांच्या देखरेख गटात चार-पाच जण पुरेत. त्यांतला एक तरी गवंडीकाम किंवा सुतारकाम जाणणारा असावा. त्यांनी मजुरांना सूचना देऊ नयेत. जे दिसेल ते तारीख घालून लिहावे, छायाचित्र काढावे आणि अभियंत्याला लेखी कळवावे. झाकली जाणारी कामे, म्हणजे गंज काढलेल्या सळया, त्यांवरचा लेप, जलरोधक थर आणि भिंतीतील वायरिंग, झाकण्यापूर्वीच पाहून घ्यावीत. आमच्याकडे पन्हळीच्या जोडाखालचा जलरोधक थर ओल्या पृष्ठभागावरच दिला गेला. तो आमच्या गटातल्या एका सुतारकाकांनी हात लावून ओळखला, त्याच संध्याकाळी पत्र गेले, आणि तो थर काढून पुन्हा करावा लागला. गिलावा झाल्यावर ते कोणालाच कळले नसते.

अंतिम देयक निघण्यापूर्वी अभियंत्यासोबत संयुक्त पाहणीची मागणी करावी. सर्व नळ एकदम सोडून, सर्व दिवे व पंखे एकदम चालू करून आणि दोन्ही दारे बाहेरच्या दिशेने पूर्ण उघडून पाहावीत. करारातील दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ, किती आहे आणि सुरक्षा ठेव कोणत्या तारखेला परत जाणार आहे, या दोन तारखा सभागृहाच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवाव्यात. मग जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, किल्ली घेऊन सभागृहात जावे, कैच्यांखाली आणि पन्हळीच्या प्रत्येक जोडाखाली फरशी ओली आहे का ते पाहावे, आणि ओल दिसली, तर छायाचित्रासह पत्र त्याच दिवशी नगरपरिषदेच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी.